प्रेस नंबर चारची शिट्टी

आमच्या घरात रविवार गुरुवारी येतो. चाकणच्या आमच्या कंपनीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे सगळं जग कामाला जातं तेव्हा मी चिखलीत बनियनवर बसून पेपर वाचतो आणि बायकोच्या कामात लुडबुड करतो. अशाच एका गुरुवारी सकाळी मुलगी आकुर्डीला कॉलेजला निघाली होती. बूट घालता घालता थांबली, परत आत आली, तिचा तो भलामोठा हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला आणि म्हणाली, "बाबा, हे काय आहे सांगा."

आधी वाटलं, हेडफोनच बिघडलाय. खर्रर्र, ठक्. खर्रर्र, ठक्. खालून कसलातरी जाड ठेका. ना गाणारा, ना पेटी, ना बासरी. हेडफोन काढणार तेवढ्यात कानाला ओळख पटली. मी म्हणालो, "अगं, हे पत्रा कापायचं मशीन. आणि ब्लेडची धार गेलीय त्याची. सांगा कुणीतरी त्यांना."

ती माझ्याकडे बघतच राहिली. दोन महिने ती हे ऐकत होती आणि तिला वाटत होतं, कॉम्प्युटरवर बनवलेला आवाज आहे. त्या दिवशी तिचं पहिलं लेक्चर बुडालं. आम्ही दोघं सोफ्यावर बसलो आणि तिनं मला एकामागून एक तुकडे ऐकवले.

ही मंडळी कोण होती ते कुणालाच माहीत नव्हतं. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातले आवाज गोळा करायचे, ते कॉम्प्युटरवर कापायचे, ताणायचे, एकावर एक रचायचे, त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घालायचा, वर एक व्हिडिओ लावायचा आणि इंटरनेटवर सोडून द्यायचं, एवढाच त्यांचा उद्योग. नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. व्हिडिओत चेहरा कधी नाही. कुणाची सावली, ओल्या फरशीवरून जाणारे सेफ्टी शूज, कंपनीच्या बसच्या काचेवर झोपलेल्या माणसाच्या डोक्याचा तेलकट डाग. एक तुकडा म्हणजे एकच मशीन, असा त्यांचा नेम दिसत होता.

मला हे फार आवडलं. गाणं म्हणून नव्हे, गाण्यातलं मला काही कळत नाही. पण मी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स फिटर आहे, आणि ज्या आवाजांमुळे घरी आल्यावर डोकं भणभणतं तेच आवाज कुणीतरी इतक्या निगुतीनं उचलून ठेवलेत, याची मोठी गंमत वाटली. शिवाय हे माझं राज्य होतं. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, मशीन कुरकुरलं की आधी मला हाक मारतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, डोळे मिटायचे. मशीन आतून काय बोलतंय ते थेट डोक्यात येतं. हे मला कुणी शिकवलं नाही आणि नव्या पोरांना मी शिकवत नाही. इतका मी खडूस आहे.

मग दर गुरुवारी आमचा खेळ सुरू झाला. मी ओळखायचो आणि मुलगी खाली कॉमेंटमध्ये लिहायची: हा शंभर टनी प्रेस, याचा पट्टा सैल आहे. हा लेथ, याच्यावर माणूस नवखा आहे, टूल फार जोरात घालतोय. दोन-तीन दिवसांनी रेघेकडून एका शब्दाचं उत्तर यायचं: हो. त्या एका शब्दासाठी मी आठवडाभर जीव टाकायचो. बस चाकणला पोचेपर्यंत शेजारच्याला सांगत बसायचो, आणि शेजारचा बिचारा झोपायला बघायचा.

कोण असतील हे, यावर घरात रोज खल चालायचा. मी म्हणायचो, तिघं तरी असणार. त्यातला एक लोकलच्या लाइनजवळ राहतो, कारण त्याच्या तुकड्यांत लांबून भोंगा येतो. दुसरा शिकलेला, त्याच्याकडे चांगला मायक्रोफोन आहे. आणि तिसरा कंपनीतलाच, कारण प्रेसचा आवाज बाहेरून असा येत नाही, तो पत्र्याच्या छताखाली आत उभं राहूनच मिळतो. बायकोनं एकदा भाजी निवडता निवडता ऐकलं आणि म्हणाली, "यात बाई आहे कुणीतरी. मधेच बांगडी किणकिणते."

मी परत ऐकलं. मला बांगडीबिंगडी काही आली नाही. "तुला सगळीकडे बांगड्याच ऐकू येतात," मी म्हणालो, आणि विषय संपवला.

आतल्या माणसाचं मला विशेष कुतूहल होतं, कारण आत मोबाइल नेताच येत नाही. आमच्याकडे तो गेटवर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि शॉपमध्ये सापडला तर त्याच दिवशी घरी पाठवतात, परत बोलावत नाहीत. सगळ्या पट्ट्यात थोड्याफार फरकानं हेच. तरी कुणीतरी शिफ्टभर काम करत, खिशात काहीतरी लपवून, प्रेसचा आवाज टिपत होतं. कशासाठी? नाव नाही, पैसा नाही, टाळ्या नाहीत. मला ते माणूस एकदा बघायचं होतं. नुसतं बघायचं, बाकी काही नाही.

त्याच सुमारास आमच्या प्रेस नंबर चारवरच्या ऑपरेटरनं मला हाक मारली होती. परभणीकडची, पंचविशीतली बाई. दोन वर्षांपूर्वी लागली आणि कामाला चोख. शॉपमध्ये सगळे मला मामा म्हणतात, ती एकटी काका म्हणायची. "काका, शिट्टी वाजायली बघा. दाब बसून प्रेस वर गेला की वाजती."

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. प्रेसचं काम सोपं असतं: खाली यायचं, पत्रा दाबायचा, वर जाऊन थांबायचं. तो वर थांबलेला असतो तेव्हा ऑपरेटर हात आत घालून दाबलेला तुकडा काढतो आणि नवा ठेवतो. मी दहा-बारा ठोके ऐकले. गडगड, धप्, फस्स. सगळं जिथल्या तिथं. तिला म्हणालो, "काही नाही. तुझ्या कानात वाजत असेल." शेजारच्या मशीनवरचे दोघं हसले. चेकशीटवर आवाजाच्या रकान्यात मी 'ठीक' लिहिलं आणि सही केली. आठ दिवसांनी तिनं परत बोलावलं. मी परत ऐकलं, परत 'ठीक' लिहिलं. या खेपेला थोडा चिडलोच होतो. ती हातमोजे चढवून कामाला लागली.

त्यानंतरच्या गुरुवारी रेघेचा नवा तुकडा आला.

व्हिडिओत स्वयंपाकघराचा ओटा होता, साधा, काळ्या कडाप्प्याचा. त्यावर नारिंगी हातमोजा घातलेला एक हात यायचा, स्टीलची ताटली ठेवायचा आणि झटकन मागे जायचा. परत यायचा, ताटली उचलायचा, मागे. आवाज मात्र फार सावकाश, ताणलेला. मुलगी म्हणाली, चौपट हळू केलाय. धप् म्हणजे कुणी लांबवर गादी टाकावी तसं वाटत होतं. आणि प्रत्येक धप् नंतर एक लांब, घोगरा हुंकार यायचा. हूऽऽऽ. शेवटी शेवटी ठेकाही थांबला, नुसता तो हुंकार राहिला, आणि हात ओट्याच्या अर्ध्यावर येऊन तसाच थबकला. पुढे जाईना, मागे येईना. तिथंच व्हिडिओ संपला.

मी तो तीनदा लावायला सांगितला. हात मागे घ्यायची ती ढब प्रेसवरच्या माणसाचीच असते, कोपर अंगाला चिकटवून. आवाजातही मला एक जागा ओळखीची वाटली. दर पाचव्या ठोक्याला माल पुढे नेणारा कन्व्हेयर अडखळत होता. तो अडखळा माझ्या ओळखीचा होता, कारण त्याची दुरुस्ती मी स्वतः दोन महिने उद्यावर ढकलत आलो होतो. हा आमचाच प्रेस होता. नंबर चार.

मुलीची बोटं कॉमेंट लिहायला तयारच होती. मी म्हणालो, "थांब. काही लिहू नकोस." माझ्या आवाजातलं काहीतरी हेरून तिनं फोन खाली ठेवला.

"हा हूऽऽ कुठून आला?" मी विचारलं. "प्रेसमध्ये असा आवाज नसतो. यांनी वरून घातलाय का?"

"मूळ वेगात करून बघू," ती म्हणाली. तिच्या लॅपटॉपवर तशी सोय होती. तिनं आवाज चौपट जलद केला, हेडफोन काढला आणि स्पीकरवर लावला. गडगड, धप्, फस्स. गडगड, धप्, फस्स. आमचा नंबर चार, हुबेहूब. हुंकार गायब.

"बघ," मी म्हणालो, "गेला. म्हणजे वरूनच घातला होता."

मुलीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "बाबा, काय बोलताय? केवढी शिट्टी आहे ती!"

"कुठंय?"

"आत्ता. ही बघा. ही. ही."

ती प्रत्येक ठोक्याला बोट वर करत होती. मी तिच्या बोटाकडे बघत होतो आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "काय लावलंय ते? कुकर झाला वाटलं मला."

ती आतून, भिंतीपलीकडून ऐकत होती. मी स्पीकरपासून हातभर अंतरावर बसलो होतो.

त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगतो. आधी राग आला, त्या दोघींचाच, जणू दोघी मिळून माझी चेष्टा करतायत. मग उमगलं: हळू केल्यावर जाड झालेली शिट्टीच मला हुंकार म्हणून आली होती, बारीक आवाज मला येतच नव्हते. बांगडी आठवली. दाराची बेल वाजली की मुलगीच का धावते ते कळलं. आणि मग त्याहून मोठी गोष्ट कळली. प्रेस वर जाऊन थांबतो तो ब्रेकमुळे, आणि तो ब्रेक पकडण्यासाठी क्लचमधली हवा एका दमात बाहेर पडावी लागते. ती वाट चोंदली तर हवा शिट्टी घालत रेंगाळत बाहेर पडते, आणि ब्रेक उशिरा लागतो. प्रेस आज एक बोट पुढे जाऊन थांबतो, उद्या दोन बोटं. मग एक दिवस प्रेस वर थांबतच नाही, तसाच खाली येतो. हात आत असताना.

ती बाई रोज आठ तास त्या शिट्टीखाली हात घालत होती. मी दोनदा 'ठीक' लिहिलं होतं.

गुरुवार होता म्हणून प्रेस बंद होता. नाहीतर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. 

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला बसमधून उतरलो तो थेट नंबर चारकडे गेलो. ती यायच्या आत मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, लाल पाटी अडकवली. क्लचची हवा सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. आतलं रबरी सील फाटून त्याची जीभ हवेच्या वाटेत लोंबत होती, आणि तिच्याभोवती तेल, गंज, पाणी यांचा काळा लगदा बसला होता. बोटाएवढी वाट सुतळीएवढी उरली होती. 

सुपरवायझर आला. चाकणच्या बाजूच्याच गावचा, जमीनजुमला राखून असलेला, गडी मनानं चांगला. तो वाकून बघायला लागला. "आयला, मामा! परवा तर ठीक लिवलं व्हतं न्हवं?"

"आज शंका आली," मी म्हणालो.

"नुसत्या आवाजावरनं?"

आणि मी, देव मला क्षमा करो, "हो" म्हणालो.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. जमलेल्या चौघांना म्हणाला, "बघा रं! मशिनीगत कान हाय मामांचा. हात वाचला एखाद्याचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती मागे उभी होती, हातमोजे हातात धरून. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा अगदी कोरा होता. अठ्ठावीस वर्षांत माझं इतकं कौतुक झालं नसेल, आणि मला इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

दहाच्या चहाला मी तिच्या बाकावर जाऊन बसलो. एरवी फिटर तिकडे बसत नाहीत. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "तो ओटा तुझ्या घरचा का?"

"कोणता ओटा, काका?" ती म्हणाली. पण कप ओठाशी जरा जास्तच वेळ राहिला.

इतके महिने जे माणूस बघायचं होतं ते शेजारी बसून कंपनीचा पुचाट चहा पीत होतं, की दुसरंच कुणी होतं, हे मी तिथं हट्टानं विचारू शकलो असतो. नाही विचारलं. तिनं हो म्हटलं असतं तर मला एक गोष्ट कळली असती, आणि तिची नोकरी माझ्या जिभेवर येऊन बसली असती. माझ्या जिभेचा मलाच भरवसा नाही.

कप खाली ठेवून ती समोर बघत बोलली. "काका, मला वाटायलं होतं तुमाला शिट्टी येती. लाइन बंद पडू नये म्हणून तुमी मुद्दाम ठीक लिहायलात. लई राग आला होता मला तुमचा. घरी बोलले नवऱ्याला, की इतकं वय झालेला माणूस, लेकीच्या वयाच्या बाईचा हात जाऊ द्यायला कसा तयार झाला."

तिच्या हिशेबात मी पंधरा दिवस हा असा माणूस होतो. तिनं मला बरा समजावं म्हणून एकच वाक्य पुरे होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. लबाड म्हणवून घेणं मला बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटत होतं. माणसाचं डोकं कुठं अडेल सांगता येत नाही. चहाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तो मात्र स्पष्ट आला.

शनिवारी शिफ्टच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणे सगळे रांगेत उभे होते. सुरक्षेच्या दोन गोष्टी सांगायच्या आणि कामाला लागायचं, असा रिवाज. सुपरवायझरनं मलाच पुढे बोलावलं, "मामा, चारचं सांगा ह्यांना." मी पुढे झालो. घरून तयारी करून आलो होतो, पण सगळी विसरलो.

"चारची शिट्टी मला ऐकू आली नव्हती," मी म्हणालो. "काल आली असं बोललो, ते खोटं. मला ती येतच नाही. हिनं दोनदा सांगितलं आणि मी दोनदा 'ठीक' लिहिलं. शोधलं तिनं. मी नुसता पाना चालवला."

  सुपरवायझर डोकं खाजवत म्हणाला, "मग तुमाला कळलं कसं?" मी म्हणालो, "बायकोनं सांगितलं." हशा पिकला, आणि त्या हशात तो प्रश्न वाहून गेला. ती हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण आता चेहरा कोरा नव्हता. जाता जाता हळूच म्हणाली, "मला आधीच कळायला पाहिजे होतं, काका. तुमी शिट्टीच्या वक्ताला डोळेसुद्धा हलवत नव्हते."

सोमवारी कंपनीनं मला कानांच्या तपासणीला पाठवलं. काचेच्या लहानशा खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. दरवर्षीच्या तपासणीत मी हे पास होत आलो होतो, आणि कसा ते आता सांगायला हरकत नाही. काचेपलीकडे बसलेल्या मॅडम आवाज सोडताना खांदा किंचित हलवतात. मी खांद्याकडे बघून बटण दाबायचो. माझ्या वयाचे निम्मे लोक असंच करतात. एकानं दुसऱ्याला सांगितलेली युक्ती आहे.

या वेळी मी खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलो आणि डोळे मिटले. पहिले आवाज आले, जाड, गोल. बटण दाबलं. थोडे बारीक आले, दाबलं. मग आवाज थांबले. मी वाट बघितली. मॅडमना फोन आला असेल, किंवा कुणी दार उघडून काही विचारत असेल, असं वाटलं. आणखी थांबलो. शांतता छान होती, खरं सांगायचं तर. शेवटी कंटाळून डोळे उघडले आणि मागे वळून काचेवर टकटक केली.

"मॅडम, थांबलात का? करा की सुरू."

त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन अलगद बाजूला केला.

"थांबले नाही, काका," त्या म्हणाल्या. "केव्हाचं चालूच आहे."